तेरा आठवड्यांचा सौदा: सर्जिकल टेकसाठी ट्रॅव्हल एजन्सीची सेवा किती कामाची?

अमेरिकेत सर्जिकल टेक, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये (तिथल्या भाषेत ओआर) सर्जनला साहाय्य करणारा तंत्रज्ञ, म्हणून दोनेक वर्षं काम झालेल्या माणसाच्या फोनवर रोज मेसेज येऊन पडतात. "ओआर टेक, १३ आठवडे, ३६ तास, आठवड्याला अमुक डॉलर, आजच कळवा." घरापासून दूरच्या रुग्णालयात अशा काही आठवड्यांच्या नेमणुकीवर, म्हणजे ट्रॅव्हल जॉबवर, पाठवणाऱ्या स्टाफिंग एजन्सीच्या सेवेचं हे परीक्षण. ते एका कंपनीचं नाही. एया, एएमएन अशा बड्या कंपन्या घ्या किंवा पाच-दहा माणसांचं छोटं ऑफिस घ्या, सेवेचा साचा तोच असतो, म्हणून साच्याचंच परीक्षण.

गुण आधीच देऊन टाकू. कागदपत्रं आणि दर आठवड्याचा पगार: पाचपैकी चार. पगाराचा हिशेब सरळ सांगणं: दीड. अडचणीत पाठीशी उभं राहणं: अडीच. एजन्सीचं गिऱ्हाईक रुग्णालय असतं, आपण नसतो. रुग्णालय तासाला एक बिल रेट देतं. त्यातून एजन्सीचा नफा, मालकाच्या वाट्याचे कर, विमा आणि मधल्या व्हेंडर कंपनीचं कमिशन जातं आणि उरलेलं आपल्या हाती येतं. एजन्सीचा रिक्रूटर (भरती करणारा माणूस) कितीही गोड बोलला तरी हे चित्र डोळ्यांसमोरून हलू द्यायचं नाही.

ही सेवा कोणासाठी आहे, तेही बघू. सर्जिकल टेक म्हणजे आपल्याकडे ओटी टेक्निशियन करतात त्यातलं स्क्रबचं काम: बॅक टेबल आणि मेयो स्टँड ही इन्स्ट्रुमेंटची टेबलं लावणं, सर्जनच्या हातात इन्स्ट्रुमेंट देणं, स्पंज-सुयांची मोजणी, स्टराइल फील्ड (ऑपरेशनची निर्जंतुक जागा) सांभाळणं. एजन्सीला लागणारं सीएसटी (सर्टिफाइड सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट) प्रमाणपत्र एनबीएसटीएसए ही संस्था देते. परीक्षेत १७५ प्रश्न असतात, त्यांतले १५० गुणांत धरतात. परीक्षेला बसायला सीएएएचईपी किंवा एबीएचईएसची मान्यता असलेला कोर्स केलेला लागतो आणि त्या कोर्समध्येच किमान १२० केसेस कराव्या लागतात. महाराष्ट्रातल्या बीपीएमटी या पॅरामेडिकल पदवीवर किंवा ओटी टेक्निशियनच्या डिप्लोमावर थेट परीक्षेला बसता येत नाही. नर्स आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी ग्रीन कार्डाचा जो शेड्यूल ए मार्ग आहे, त्यात सर्जिकल टेक येत नाही. तेव्हा "ओटी टेक, अमेरिकेत ट्रॅव्हल जॉब, व्हिसासकट" अशी जाहिरात दिसली आणि पुढे रजिस्ट्रेशन फी मागितली, तर तिथेच थांबलेलं बरं. अमेरिकेतली मराठी माणसं या क्षेत्रात येतात ती बहुतेक ग्रीन कार्डावर किंवा एच-४ ईएडीवर (एच-१बी व्हिसावाल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर), इथला नऊ महिने ते दोन वर्षांचा कोर्स करून. ईएडीवाल्यांनी एक बघावं: कार्डाची मुदत १३ आठवड्यांच्या मधे संपत असेल, तर एजन्सी नेमणूक पुढे सरकवत नाही, आणि हे त्यांच्या लक्षात येतं ते बहुधा निघायच्या आठवड्यात.

एजन्सी एक वर्षाच्या अनुभवावर घेते. आमच्या मते दोन वर्षं हवीत, आणि त्यांत रात्रीचा कॉल (बोलावल्यावर घरून हजर व्हायची पाळी) केलेला हवा. पहाटे तीनला फाटलेल्या अपेंडिक्सची किंवा सिझेरियनची केस येते, सोबत फक्त सर्क्युलेटिंग नर्स (स्टराइल फील्डच्या बाहेर राहून सामान देणारी) असते आणि सप्लाय रूम अनोळखी. एका वर्षाच्या टेकचे हात चांगले असतात, पण कपाट कुठलं उघडायचं याचा अंदाज यायला अजून वेळ लागतो.

आता पैसे. या सेवेचा सर्वांत खोटा वाटणारा आकडा म्हणजे जाहिरातीतला आठवड्याचा आकडा. तो खोटा नसतो, अर्धवट असतो. उदाहरणाला एक पे पॅकेज धरू: ३६ तास, करपात्र दर तासाला २२ डॉलर, आठवड्याला जेवणखर्च ३५० डॉलर आणि घरभाडं ७०० डॉलर असे दोन भत्ते, म्हणजे स्टायपेंड. पगाराचे ७९२ डॉलर आणि दोन स्टायपेंड मिळून १,८४२. तासाला ५१ डॉलर पडले म्हणून माणूस खूश होतो. मग मॅनेजर म्हणते, शनिवारी एक जादा शिफ्ट कर. ४० तासांच्या पुढचा दर २२ च्या दीडपट, म्हणजे ३३ डॉलर. थकल्या अंगाने केलेला तास ताज्या अंगाने केलेल्या तासापेक्षा १८ डॉलरने स्वस्त! उलट बाजूने, तापामुळे एक १२ तासांची शिफ्ट गेली, तर २६४ डॉलर पगार जातो आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये स्टायपेंड तासांच्या प्रमाणात कापण्याचं कलम असेल, तर दोन्ही स्टायपेंडच्या १,०५० पैकी तिसरा हिस्सा, म्हणजे आणखी ३५० जातात. एका तापाची किंमत ६१४ डॉलर.

स्टायपेंड असा तासांप्रमाणे कापला जात असेल, तर तो खर्चाची भरपाई आहे की पगारच, हा वाद कोर्टात गेला होता. क्लार्क विरुद्ध एएमएन सर्व्हिसेस या खटल्यात नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं की त्या प्रकरणातला पर डिएम (रोजच्या हिशेबाचा स्टायपेंड) पगारासारखाच वापरला जात होता, म्हणून ओव्हरटाइमचा दर काढताना तो धरायला हवा. हे कोर्ट कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, ॲरिझोना वगैरे पश्चिमेकडच्या राज्यांसाठी आहे. तिथे जाणाऱ्याने रिक्रूटरला एकच प्रश्न लेखी विचारावा: "माझ्या ओव्हरटाइमचा दर किती डॉलर?" टक्केवारी किंवा 'दीडपट' हे उत्तर नाही, आकडाच हवा. आकडा द्यायला दोन दिवस लावणारी एजन्सी पुढे टाइमशीटच्या वादातही तेवढेच दिवस लावते.

करपात्र दर मुद्दाम कमी ठेवून स्टायपेंड फुगवलेलं पॅकेज हातात जास्त देतं खरं, पण सोशल सिक्युरिटी, बेकारी भत्ता, अपंगत्व विमा हे सगळं त्या २२ डॉलरवर ठरतं. घराच्या कर्जासाठी बँकही बहुतेक तेवढंच उत्पन्न धरते. पुढच्या दोन वर्षांत घर घ्यायचा किंवा आई-बाबांचं ग्रीन कार्ड स्पॉन्सर करायचा विचार असेल, तर करविवरणात दिसणारा आकडा आजच्या हातातल्या रोख रकमेपेक्षा महत्त्वाचा.

आणि ते स्टायपेंड करमुक्त केव्हा? आपलं टॅक्स होम असेल तेव्हाच. म्हणजे आपलं खरं घर कुठेतरी चालू असावं, त्याचं भाडं किंवा हप्ता आपण भरत असावं, आणि कामाच्या गावी राहण्याचा खर्च त्यावर दुहेरी पडत असावा. न्यू जर्सीतल्या मावसभावाच्या तळघरात दोन बॅगा ठेवल्या आणि पत्ता त्याचा दिला, याला टॅक्स होम म्हणत नाहीत. तिथे खोलीचं रास्त भाडं दर महिन्याला बँकेतून गेलेलं दिसायला हवं. '५० मैलांपलीकडे गेलं की स्टायपेंड करमुक्त' हे वाक्य रिक्रूटरच्या तोंडी फार असतं. आयआरएसचा (अमेरिकेच्या आयकर खात्याचा) असा नियम नाही, तो एजन्सीचा किंवा रुग्णालयाचा अंतर्गत नियम असतो. आयआरएसचा खरा नियम वेगळा आहे: एका ठिकाणचं काम वर्षाहून जास्त चालणार अशी अपेक्षा झाली, की ते तात्पुरतं राहत नाही आणि स्टायपेंड करपात्र होतो. रुग्णालय आवडलं म्हणून चौथ्यांदा मुदत वाढवताना नेमकी इथेच गफलत होते. शिवाय जितक्या राज्यांत कमावलं तितकी राज्य करविवरणं. टेक्सस, फ्लोरिडा, टेनेसी, वॉशिंग्टन इथे पगारावर राज्याचा आयकर नाही, तेवढीच सुटका.

कागदपत्रांच्या कामात मात्र एजन्सी खरोखर पैसे वसूल करून देते. बेसिक लाइफ सपोर्ट कार्ड, हेपटायटिस बी, गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांचे टायटर (रक्तातल्या प्रतिकारशक्तीची तपासणी), टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकल्याची लस), फ्लू, एन-९५ फिट टेस्ट, ड्रग स्क्रीन, गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी, गेल्या वर्षभरातल्या दोन वरिष्ठांचे संदर्भ: हे सगळं गोळा करून रुग्णालयाच्या पोर्टलवर चढवणारा कंप्लायन्सचा माणूस चांगला असला, तर दोन-तीन आठवड्यांत काम होतं, आणि तपासण्यांचा खर्च बहुतेक एजन्सीच करते. भारतात वाढलेल्यांना इथे हमखास नडणाऱ्या गोष्टी तीन. लहानपणीच्या लशींचा कागद सापडत नाही. शोधत बसू नका, रक्ताचे टायटर करा. बीसीजी टोचलेली असल्यामुळे टीबीची त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे आणि आठवडाभर उशीर. पहिल्यापासूनच क्वांटिफेरॉन ही रक्ताची चाचणी मागा. भारतात महिनाभर राहून आलात, तर टीबीच्या प्रश्नावलीत ते लिहावंच लागतं, म्हणून चाचणी परतल्यावर करा. तिसरी गोष्ट नावाची. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, सोशल सिक्युरिटी कार्डावर ते नाही, सीएसटी प्रमाणपत्रावर माहेरचं आडनाव आणि लाइफ सपोर्ट कार्डावर सासरचं, असं चार कागदांवर चार नावं असली की पोर्टल अडकतं. हे कॉन्ट्रॅक्ट शोधायच्या आधी एकसारखं करून घ्यावं.

राज्याचे नियम एजन्सीवर सोडू नयेत. नर्सना अनेक राज्यांत चालणारं कॉम्पॅक्ट लायसन्स असतं, तसं टेकला काही नाही. पण बहुतेक राज्यांत टेकला लायसन्सच लागत नाही, म्हणून हिंडणं उलट सोपं. अपवाद ध्यानात ठेवायचे. वॉशिंग्टन आणि कोलोरॅडोत राज्याकडे नोंदणी लागते, व्हर्जिनियात राज्याचं प्रमाणपत्र. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, टेक्सस, टेनेसी, ओरेगन अशा राज्यांत नेमणुकीसाठी सीएसटीसारख्या प्रमाणपत्राचा कायदा आहे. कोलोरॅडोत हा कडकपणा उगाच आलेला नाही. तिथे २०१६ च्या सुरुवातीला फेन्टानिलची सिरिंज चोरताना एक टेक पकडला गेला, तो आधी तीन-चार राज्यांतून काम करून आलेला होता; त्याच वर्षी राज्याने पार्श्वभूमी-तपासणी आणि ड्रग टेस्ट कायद्यात घातली. ट्रॅव्हलरकडे सगळे जरा रोखून बघतात, त्यामागे असंही काही असतं. सीएसटीचं नूतनीकरण दोन वर्षांनी, ३० क्रेडिट लागतात. मुदत कॉन्ट्रॅक्टच्या मधे संपली तर त्याच दिवशी काम थांबतं.

स्किल्स चेकलिस्ट हा एजन्सीच्या सेवेतला सर्वांत निष्काळजी भाग. एक ते चारच्या मापावर शेकडो केसेस भरायच्या असतात आणि रिक्रूटर सुचवतो, "जमेल तिथे चार टाका, प्रोफाइल मजबूत दिसतं." मग स्पाइन फ्यूजनला (मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेला) चार दिलेला माणूस पहिल्याच सोमवारी तीन लेव्हलच्या फ्यूजनमध्ये उभा केला जातो. मणक्यात बसवायच्या पेडिकल स्क्रूचे ट्रे त्याने एकदाच पाहिलेले असतात, तेही दुसऱ्या कंपनीचे. दुसऱ्या आठवड्यात कॉन्ट्रॅक्ट संपतं आणि 'पुन्हा घेऊ नये' असा शेरा त्या रुग्णालयाच्या साखळीभर फिरतो. चेकलिस्टमध्ये खरं लिहावं आणि रोबोटचं मॉडेलही लिहावं. दा विंची एसआयवर हात बसलेल्याला एक्सआयचं ड्रेपिंग (रोबोटवर निर्जंतुक आवरण चढवणं) आणि डॉकिंग (तो रुग्णापाशी जोडणं) पुन्हा शिकावं लागतं.

ओआर मॅनेजरचा मुलाखतीचा फोन पंधरा-वीस मिनिटांचा असतो. काही एजन्सी 'मुलाखतीशिवाय ऑफर' हा फायदा म्हणून सांगतात. आमच्या लेखी तो तोटा. विचारायचं ते त्या फोनवरच: रूम किती आणि केसेस कुठल्या, ओरिएंटेशन किती शिफ्टचं, उद्याच्या केसेस कोण काढतं, केसेस कमी असल्या तर घरी पाठवतात की स्टराइल प्रोसेसिंगमध्ये ट्रे धुवायला, प्रसूती विभागात पाठवतात का. आणि कॉल. आठवड्यातून किती, किती मिनिटांत हजर व्हायचं, स्टँडबायचा दर काय, बोलावल्यावर किमान किती तास धरतात, ते तास हमीच्या ३६ मध्ये मोजतात का. ३० मिनिटांत हजर व्हायचं असेल, तर शहराबाहेरची स्वस्त खोली बाद. तेव्हा आधी कॉल विचारा, मग घर शोधा. उलटं केलेली माणसं कॉलच्या रात्री रुग्णालयाजवळच्या मोटेलवर पैसे घालवतात.

घराबाबत: एजन्सीने दिलेल्या घरापेक्षा स्टायपेंड घेऊन स्वतः शोधलेलं बरं पडतं, पण १३ आठवड्यांचा करार एकदम करू नये. महिन्या-महिन्याचा करावा आणि 'कॉन्ट्रॅक्ट रद्द झाल्यास १५ दिवसांच्या सूचनेवर सोडता येईल' हे त्यात घालावं. फर्निश्ड फाइंडरसारख्या साइटवर फक्त घरमालकाशी गाठ पडते, पैशांचा व्यवहार आपल्यालाच करायचा असतो. व्हिडिओवर खोली दाखवायला तयार नसलेल्याला डिपॉझिट देऊ नये.

कॉन्ट्रॅक्टमध्ये चार ओळी शोधाव्यात. हमीचे तास खरे किती. 'रुग्णालय दर पगार-कालावधीत एक शिफ्ट रद्द करू शकते' असं बारीक अक्षरात असलं, तर दोन आठवड्यांना ७२ ची हमी खरं तर ६० ची. रुग्णालयाने कॉन्ट्रॅक्ट मोडलं तर किती दिवसांची सूचना, आणि आपण मोडलं तर दंड किती. स्टायपेंड कापण्याचं कलम. आणि मंजूर सुट्ट्यांच्या तारखा. गणपतीत किंवा घरच्या लग्नाला चार दिवस हवे असतील, तर ते सहीच्या आधी लिहून घ्यायचे. नंतर मागितलेली सुट्टी म्हणजे चुकवलेली शिफ्ट. तसं पाहिलं तर भारतात घर असलेल्यांसाठी या नोकरीचा सर्वांत मोठा फायदा हाच की दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधे पाच आठवडे गावी जाता येतं, कोणापुढे रजेचा अर्ज करावा लागत नाही. त्या काळात आरोग्यविमा मात्र तुटतो. कोब्रा (नोकरी सुटल्यावर तोच विमा स्वखर्चाने चालू ठेवायची सोय) निवडायला ६० दिवस असतात आणि तो मागच्या तारखेपासून लागू होतो, तेव्हा फॉर्म जपून ठेवायचा, गरज पडली तरच हप्ता भरायचा.

दोन-तीन एजन्सींशी एकाच वेळी बोलणं रीतसरच आहे. पण एकाच रुग्णालयाला दोघींनी आपलं नाव पाठवलं, की व्हेंडरची यंत्रणा अनेकदा दोन्ही अर्ज बाजूला टाकते. वहीत रुग्णालय, तारीख, एजन्सी लिहावं आणि "मला विचारल्याशिवाय नाव पाठवू नका" हे प्रत्येकीला मेसेजवर कळवून ठेवावं.

जागेवर पोचल्यावर एजन्सी कुठेच नसते. पहिल्या केसला प्रेफरन्स कार्डावर (सर्जनला काय काय लागतं त्याच्या यादीवर) 'ऑक्सनर ४' असतं आणि आपल्या जुन्या ओआरमध्ये त्यालाच कॉकर म्हणत. दुसऱ्याच एका क्लॅम्पला कोणी क्राइल म्हणतं, कोणी नुसतं 'स्नॅप'. कोणी पीनट मागतं, कोणी किटनर, आणि फोर्सेप्सच्या टोकावरचा तो कापसाचा लहानसा गोळा बहुतेकदा एकच असतो. यामुळे पहिल्या आठवड्यात हात अर्धा सेकंद मागे पडतो आणि सर्जनला तेवढा पुरतो. कार्डं आदल्या दिवशी मागून घ्यावीत, इन्स्ट्रुमेंटच्या तिथल्या नावापुढे आपल्या ओळखीचं नाव पेन्सिलने लिहावं. कार्डावर विश्वास ठेवू नये हेही खरं. कितीतरी कार्डं वर्षानुवर्षं कोणी दुरुस्त केलेली नसतात. जुन्या सर्क्युलेटरला विचारावं, "हे खरंच उघडायचं, की हातापाशी ठेवायचं?" मोजणीचं धोरण मात्र छापील वाचावं. बहुतेक ठिकाणी सुरुवातीला, पोकळी बंद करण्यापूर्वी, त्वचा शिवताना आणि माणूस बदलताना मोजणी होते. पण इन्स्ट्रुमेंट कुठल्या केसमध्ये मोजायचे, यात रुग्णालयागणिक फरक असतो, आणि मोजणी जुळली नाही की सगळ्यांची नजर आधी नव्या माणसाकडे वळते.

सुई टोचली तर? इथेच ते अडीच गुण. कायम कर्मचाऱ्याला रुग्णालयाचा एम्प्लॉयी हेल्थ विभाग बघतो. ट्रॅव्हलर एजन्सीचा कर्मचारी, म्हणून विमा एजन्सीचा, आणि रात्री दोनला दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. एचआयव्हीप्रतिबंधक औषध लागणार असेल, तर ते काही तासांतच सुरू व्हायला हवं, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत. तेव्हा वाट न बघता त्याच इमारतीतल्या इमर्जन्सीत जायचं, रुग्णाच्या रक्ताची तपासणी चार्ज नर्सकडून लावून घ्यायची आणि एजन्सीला फोन नंतर. सही करण्यापूर्वी एजन्सीच्या चोवीस तासांच्या नंबरवर शनिवारी रात्री एकदा फोन लावून बघा. जिवंत माणसाने उचलला, तर एजन्सीला अर्धा गुण वाढवून द्यायला हरकत नाही. जॉइंट कमिशनचं (आरोग्यसंस्थांना मान्यता देणाऱ्या संस्थेचं) स्टाफिंग प्रमाणपत्र आहे का तेही बघावं; त्याने कागदपत्रांची शिस्त कळते, पगाराबद्दल काही कळत नाही.

मग घ्यावी का ही सेवा? हृदयशस्त्रक्रिया, ऑर्थो, स्पाइन किंवा रोबोटिक यांतलं एक अंगवळणी पडलेलं असेल आणि स्वतःचं घर चालू ठेवून बाहेर राहणं परवडत असेल, तर जरूर. २०२१-२२ मधले कोविडकाळातले दर डोक्यातून काढून मात्र. पहिलं कॉन्ट्रॅक्ट घरापासून चार-पाच तासांच्या ड्रायव्हिंगवर, आपल्याच स्पेशालिटीत आणि दिवसपाळीचं घ्यावं, पैसे थोडे कमी असले तरी. घरी लहान मूल असेल आणि कॉल नकोच असेल, तर सर्जरी सेंटरचं (जिथून रुग्ण त्याच दिवशी घरी जातात) काम मागा: सोमवार ते शुक्रवार, रात्र नाही, दर कमी, आणि दोन केसेसच्या मधे टेबल बदलायला दहा-पंधरा मिनिटं. आणि स्पेशालिटी अजून पक्की नसेल, तर आहे त्या रुग्णालयात आणखी एक वर्ष काढून कॉलच्या यादीत नाव घालावं. रिक्रूटरचे मेसेज तोवर थांबत नाहीत.